जुना कॅनव्हासचा तंबू : कोरडा कसा राखावा, उबदार कसा करावा

पनवेल तालुक्यातील पळस्पे येथे मुंबईहून येणारी वाट दुभंगते. एक रस्ता बोरघाट चढून पुण्याकडे जातो व दुसरा कर्नाळ्याच्या बाजूने गोव्याच्या दिशेने दक्षिण कोकणात उतरतो. पावसाळ्याचे चार महिने पाण्याने तुडुंब असणारी या परिसरातील भातखाचरे दिवाळीच्या सुमारास रिकामी होतात आणि त्यानंतर खाचरांच्या कडेला, वरकस जमिनीवर व वीटभट्ट्यांच्या आवारात कापडी निवारे दिसू लागतात. घाटावरून मेंढ्यांचे कळप घेऊन उतरलेल्या धनगर कुटुंबांची पाले, भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांच्या राहुट्या आणि वालाच्या किंवा भाजीच्या मळ्याची राखण करणाऱ्या शेतकऱ्याचा तंबू असे त्यांचे नानाविध प्रकार असतात. या निवाऱ्यांत राहणारी केवळ कर्ती माणसे नसतात. तान्ही मुले, बाळंतिणी व वृद्ध माणसेही तेथेच रात्र काढतात.

अलीकडे अशा निवाऱ्यासाठी प्लॅस्टिकची ताडपत्री सर्रास वापरली जाते. ती स्वस्त व वजनाला हलकी असते हे खरे. परंतु दिवसा ती तापते आणि रात्री तिच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकू लागते. सुती कॅनव्हासचे तसे नाही. हे कापड श्वास घेते, उन्हाची तलखी कमी करते आणि नीट जपल्यास पुष्कळ वर्षे टिकते. नवा तंबू महाग पडतो. म्हणून अनेक कुटुंबे वापरलेला तंबू विकत घेतात. तो हाती आल्यावर दोन प्रश्न उभे राहतात. पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे, आणि थंडीच्या रात्री आत ऊब कशी राखावी? वरवर पाहता हे दोन निरनिराळे प्रश्न वाटतात. वास्तविक ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, पहिल्याचे उत्तर नीट दिले तर दुसरा निम्मा सुटतो. आणि दुसऱ्याचे उत्तर चुकले तर त्यात संबंध कुटुंबाचा जीव जाऊ शकतो.

ओल हीच खरी थंडी

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. त्या वेळी पुणे जिल्ह्यात व तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेकडो मेंढ्या उघड्यावर दगावल्या. पाणी गोठावे इतकी थंडी त्या दिवसांत पडली नव्हती. अंगावर लोकर असलेले जनावर कोरड्या हवेत याहून कितीतरी अधिक थंडी सहज सोसते. परंतु लोकर भिजली, त्यावर वारा लागला, आणि जनावरांच्या अंगातील उष्णता निघून गेली. मेंढपाळ कुटुंबांचे वर्षाचे भांडवल अशा रीतीने एक-दोन रात्रींत नाहीसे झाले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोकर, गोधडी किंवा पेंढा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. त्यात अडकलेली स्थिर हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की स्थिती पालटते, कारण स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता सुमारे पंचवीसपट सहजतेने वाहून जाते. शिवाय पाणी सुकताना आणखी उष्णता शोषून घेते. गोधडीत अर्धा लिटर पाणी मुरले असेल, तर तेवढे पाणी अंगच्या उबेने सुकविण्यास निजलेल्या माणसाच्या शरीरातून चार तासांहून अधिक काळ बाहेर पडणारी सर्व उष्णता खर्ची पडते. पनवेलकडे थंडीच्या रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपासही जात नाही. तरीही दवाने भिजलेल्या पालात मूल कुडकुडते ते यामुळेच. म्हणून तंबू उबदार करण्याचा पहिला उपाय विस्तव नव्हे, तर जलरोधन हा होय.

तंबूची पारख

जुना तंबू विकत घेण्यापूर्वी तो पूर्ण उलगडून पाहावा. घडी घातलेल्या तंबूचा सौदा करू नये; कारण कुज बहुधा घडीच्या आतच असते. कापडाचा थोडा भाग दोन्ही मुठींत धरून जोराने ताणावा. कापड कागदासारखे फाटल्यास त्याचे सूत उन्हाने व बुरशीने मेले आहे असे समजावे. अशा कापडाला कोणताही लेप लावून उपयोग नाही. ते जमिनीवर अंथरण्यापुरतेच ठेवावे. काळे ठिपके व कुबट वास ही बुरशीची खूण होय. ठिपके असूनही कापड बळकट असेल, तर तंबू घेण्यास हरकत नाही.

कापड सुती आहे की कृत्रिम धाग्याचे, हेही पाहावे. कडेचा एक धागा काढून, तंबूपासून दूर नेऊन जाळावा. सुती धागा जळताना कागद जळाल्यासारखा वास येतो व मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कठीण गोळी बनते. पुढे सांगितलेली साबण-तुरटीची पद्धत सुती कापडासाठी आहे.

यानंतर तंबू उन्हात उभारून एका माणसाने आत जावे व दारे लावून घ्यावीत. जेथे प्रकाशाचा बारीक ठिपका दिसेल, तेथे खडूने खूण करावी. आढ्यावरील शिवण, कोपरे, तणावे बांधण्याची जागा आणि खांबाचे टोक टेकते ती जागा, या चार ठिकाणी झीज अधिक असते. तिकडे विशेष लक्ष पुरवावे.

सुती कापड पाणी कसे अडविते?

कॅनव्हास म्हणजे जाड, पिळदार सुताची घट्ट वीण. कोरडे असताना या विणीत सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून हवा खेळते. पाऊस लागला की सूत फुगते, छिद्रे आकुंचन पावतात आणि वरून येणारे पाणी आत न येता उतारावरून निथळून जाते. प्लॅस्टिकच्या धाग्यात हा गुण नाही. मात्र भिजलेल्या छताला आतून बोट, डोके किंवा गाठोडे घासले गेल्यास पाण्याला आत येण्यास वाट मिळते व तेथून ठिबक सुरू होते. याकरिता अंथरुण, धान्याची पोती व कपडे कनातीपासून निदान वीतभर दूर ठेवावेत, आणि छत ढिले न ठेवता ताणलेले असावे. ढिल्या छतात पाण्याची झोळी साचते व तिच्या भाराने चांगले कापडही पाझरते.

पुष्कळदा छत गळते असे वाटते, पण ते गळत नसते. चार माणसांच्या श्वासातून व घामातून एका रात्रीत सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. हवा जाण्यास वाट नसली, की ही वाफ गार छताला लागून तिचे थेंब बनतात. छताची आतील बाजू सर्वत्र सारखी ओली असेल, तर ती श्वासाची ओल होय. एकाच जागी ओलावा असेल, तर ते छिद्र होय. पहिल्यावर उपाय वायुवीजन, दुसऱ्यावर उपाय दुरुस्ती. या दोहोंची गल्लत करून लेपावर लेप चढविल्यास ओल उलट वाढते.

धुणे आणि शिवणे

लेप देण्यापूर्वी कापड स्वच्छ हवे. प्रथम वाळलेली माती मऊ केरसुणीने झाडून काढावी, मग साध्या पाण्याने व मऊ कुंचल्याने तंबू धुवावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिचा अंश कापडात राहिल्यास पाणी घसरून जाण्याऐवजी कापडात अधिक मुरते. बुरशीचे डाग घालविण्यासाठी रंग उडविणारी पावडर वापरणेही इष्ट नाही. डाग जातो, पण त्याबरोबर सुताचे बळही जाते. डाग ब्रशने घासून, कडक उन्हात तंबू दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावा, म्हणजे बुरशीची वाढ थांबते.

ठिगळासाठी त्याच जाडीचे जुने सुती कॅनव्हास घ्यावे. भोकाच्या चारही बाजूंना दोन-दोन बोटे अधिक राहील एवढे ठिगळ कापावे, कडा आत दुमडाव्यात आणि दाभणाने दुहेरी टीप घालावी. धागा सुती असावा व तो मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यावा. सुती धागा भिजल्यावर फुगून सुईचे भोक बुजवितो, तर नायलॉनचा धागा तसाच राहतो व त्याच्या कडेने पाणी झिरपते.

साबण-तुरटीची पद्धत

घरच्या घरी, अल्प खर्चात व विस्तवाचा धोका न वाढविता करता येण्याजोगी ही जुनी पद्धत आहे. तिच्यासाठी तेलापासून केलेला खरा साबण लागतो. डिटर्जंटची वडी चालत नाही. विहिरीचे पाणी जड असेल तर त्यात साबण फुटतो व वाया जातो. म्हणून साठविलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. कृती पुढीलप्रमाणे करावी :

(१) दहा लिटर गरम पाण्यात अर्धा किलो साबण किसून पूर्ण विरघळवावा.

(२) कोरडा तंबू पसरून किंवा उभारून, हे कोमट द्रावण कुंचल्याने बाहेरील बाजूस चांगले मुरेल असे लावावे. शिवणींवर दोनदा लावावे.

(३) कापड बहुतांशी वाळू द्यावे.

(४) दुसऱ्या भांड्यात दहा लिटर पाण्यात अर्धा किलो तुरटी विरघळवावी व हे द्रावण त्याच बाजूस सर्वत्र लावावे.

(५) कापड पुरते वाळल्यावर ते स्वच्छ पाण्याने एकदा हलकेच विसळावे व पुन्हा कडक उन्हात वाळवावे.

मोठ्या तंबूस दोन्ही द्रावणे याच प्रमाणात वाढवून घ्यावीत. साबण व तुरटी यांचा संयोग झाला म्हणजे पाण्यात न विरघळणारा ॲल्युमिनियमचा साबण सुताच्या तंतूंवर बसतो. तो छिद्रे बुजवीत नाही. तंतूंना पाणी नकोसे करतो. त्यामुळे कापडाचा श्वास कायम राहतो. शेवटचे विसळणे टाळू नये, कारण तुरटी आम्लधर्मी आहे व ती कापडात उरल्यास सूत कमजोर करते. हा लेप कायमचा नसतो. वापर व पाऊस यांनी तो उतरतो, म्हणून दरवर्षी हंगामापूर्वी तो पुन्हा द्यावा.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. छताच्या एका भागाची उथळ झोळी करून तीत तांब्याभर पाणी ओतावे व दोन तास तसेच ठेवावे. खालची बाजू नुसती दमट झाली तर हरकत नाही. थेंब पडू लागल्यास त्या जागी पुन्हा लेप द्यावा. संपूर्ण तंबूवर प्रयोग करण्यापूर्वी ही परीक्षा एका कोपऱ्यावर करून पाहणे अधिक शहाणपणाचे. बाजारात पाण्यात मिसळलेली तयार जलरोधक द्रावणेही मिळतात. ती घेताना सुती कॅनव्हाससाठी आहेत व हवा खेळती ठेवणारी आहेत, याची डब्यावरील मजकुरावरून खात्री करून घ्यावी.

मेण, तेल आणि एक भयंकर धडा

मेण पाणी अडविते यात शंका नाही. परंतु मेण हे इंधनही आहे, याचा विसर पडू देऊ नये. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड या शहरी एका मोठ्या सर्कशीचा खेळ चालू असताना तंबूस आग लागली. तो तंबू पेट्रोलमध्ये विरघळविलेल्या पॅराफिन मेणाने जलरोधक केलेला होता. आग छतावरून काही मिनिटांत सर्वत्र पसरली, पेटलेले मेण खाली पडू लागले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

म्हणून संपूर्ण तंबूस मेण लावू नये. आढ्याची शिवण, ठिगळांच्या कडा व दाभणाची भोके एवढ्यापुरतेच ते वापरावे. मेणाची वडी कोरड्या शिवणीवर घासावी व तंबू कडक उन्हात ठेवावा, म्हणजे मेण आपोआप मुरते. मेण वितळवावयाचेच असल्यास ते उघड्या जागी, गरम पाण्याच्या घमेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. त्यात रॉकेल किंवा पेट्रोल कदापि मिसळू नये.

जवसाचे तेल लावण्याची जुनी रीतही आता सोडून द्यावी. त्याने कापड कालांतराने ताठ व ठिसूळ होते. शिवाय या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग हवेशी संयोग होऊन आतून तापतो व कोणी काडी न लावताही पेट घेऊ शकतो.

कुजण्यापासून बचाव

सुती धाग्याचा खरा शत्रू बुरशी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर नायलॉनची जाळी येण्यापूर्वी कोळी बांधव आपली सुती जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून तांबूस करीत. ऐनाची साल त्यासाठी उपयोगी पडे. खैराच्या कातानेही जाळी व गलबतांची शिडे रंगविली जात. रंग हा त्याचा बाह्य परिणाम. सालीतील टॅनिनमुळे सूत लवकर कुजत नाही, हा मुख्य लाभ. सुपारीच्या बागेत कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारताना तांबे जसे बुरशीला रोखते, तसेच तांब्याचे क्षार कापडालाही वाचवितात. तथापि ते विषारी आहेत, आणि ज्या तंबूत मुले निजतात त्याला घरी मोरचूद लावण्याच्या भरीस पडू नये. सर्वांत साधा व बिनखर्ची उपाय म्हणजे ओला तंबू कधीही घडी घालून न ठेवणे. प्रवासात ओला तंबू गुंडाळावा लागलाच, तर पुढच्या मुक्कामावर पोहोचताच तो प्रथम पसरून वाळवावा.

जागेची निवड व उभारणी

भातखाचराचा तळ सपाट व मऊ दिसतो म्हणून तेथे तंबू ठोकण्याचा मोह होतो. परंतु खाचराची रचनाच पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली असते. अवकाळी पावसाची एक सर आली, तरी बांधाच्या आतील तंबू पाण्यात सापडतो. म्हणून बांधाबाहेरील उंच व निचऱ्याची जागा पाहावी. झाडाखाली तंबू नको; पाऊस थांबल्यावरही झाड ठिबकत राहते, फांदी मोडण्याचे भय असते आणि विजेचा धोका वाढतो.

तंबूभोवती वीतभर खोल चर खणावा व त्याला उताराच्या दिशेने तोंड काढून द्यावे. चराची माती कनातीच्या तळाशी बाहेरून लावावी. हिवाळ्यात कोकणात रात्री मतलई वारा पूर्वेकडून वाहतो. तेव्हा दार पश्चिमेकडे ठेवणे हितावह. सुती किंवा तागाचे तणावे दवाने भिजून आखडतात व त्यामुळे मेखा उपटतात किंवा कापड फाटते. निजण्यापूर्वी ते थोडे सैल करावेत व सकाळी पुन्हा ताणावेत.

छतावर वीतभर अंतर सोडून प्लॅस्टिकची ताडपत्री दुसऱ्या छतासारखी ताणल्यास मोठा फायदा होतो. दव व पाऊस वरचे छत झेलते, दोहोंमधील हवेचा थर ऊब राखतो, आणि खालचे कॅनव्हास कोरडे राहते. परंतु ताडपत्री कॅनव्हासला चिकटवून टाकू नये. तसे केल्यास श्वासाची वाफ आतच कोंडते.

बंद तंबूत विस्तव नको

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना येते. थंडीच्या रात्री स्वयंपाक उरकल्यावर निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले तंबूत घेऊन, दार लावून निजण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. निखाऱ्यांतून धूर येत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणावर निघतो. त्याला रंग नाही व वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून नेला जातो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि निजलेल्या माणसाला तर यांपैकी काहीच न कळता मृत्यू येतो.

तंबूचे जलरोधन झाल्यावर हा धोका कमी होत नाही, वाढतो. जुन्या, विरळ झालेल्या कापडातून निदान थोडी हवा खेळत असे. शिवलेल्या, लेप दिलेल्या, दवाने भिजलेल्या व कडेने माती लावलेल्या तंबूतून ती फारच थोडी जाते. गेल्या हंगामात ज्या शेगडीने काही झाले नाही, तीच शेगडी दुरुस्त केलेल्या तंबूत यंदा प्राणघातक ठरू शकते. जो तंबू पाण्यासाठी बंद केला, त्यात विस्तव नेऊ नये, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा.

रॉकेलची बत्ती किंवा स्टोव्ह पेटवून ऊब आणणेही योग्य नाही. एक लिटर रॉकेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते. म्हणजे वायूचा धोका पत्करूनही शेवटी छत व अंथरुण अधिकच ओले होते. थंड प्रदेशांत तंबूमध्ये धुराड्याची लोखंडी बुखारी वापरतात; परंतु तिचे धुराडे पत्र्याच्या चौकटीतून बाहेर काढलेले असते, ठिणगी अडविण्यासाठी वर जाळी असते, हवेसाठी झरोके राखलेले असतात व निजण्यापूर्वी आग विझविली जाते. कोकणच्या थंडीत या खटाटोपाची गरज नाही.

आगीचे भयही लक्षात ठेवावे. १६७० नंतरच्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील आपल्या सैन्याच्या छावणीस लिहिलेल्या पत्रात गवताच्या साठ्याजवळ विस्तव करू नये, इतकेच नव्हे तर रात्री जळता दिवा ठेवल्यास उंदीर त्याची वात ओढून नेईल व आग लागेल, अशी ताकीद दिली होती. पेंढा व कापड यांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना ती आजही लागू आहे. आता रात्रीच्या उजेडासाठी बॅटरीचा किंवा सौर कंदील मिळतो. तंबूत तोच वापरावा.

कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा कोणी गुंगीत दिसले, तर प्रथम सर्वांना मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. रक्तातील हा वायू लगेच निघून जात नाही.

उबेची निर्धोक साधने

निजलेला प्रौढ माणूस सुमारे पाऊणशे वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. चार माणसांचे कुटुंब म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या तीन दिव्यांइतकी ऊब रात्रभर देणारी शेगडीच होय. ही ऊब राखून ठेवणे, एवढेच काम उरते.

अधिक उष्णता जमिनीत जाते, म्हणून पांघरुणाइतकाच अंथरुणाचा विचार करावा. तळाशी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर कोरड्या भाताच्या पेंढ्याचा निदान वीतभर जाडीचा थर, त्यावर पोती व गोधडी, आणि अंगावर घोंगडी, अशी रचना करावी. भातकापणीनंतर पेंढ्याला या भागात तोटा नसतो. तो दर काही दिवसांनी उन्हात घालावा व दमट झालेला बदलावा.

शेकोटी हवी असल्यास ती तंबूबाहेर, निदान दहा पावले दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावी. निजण्यापूर्वी ती पाणी व माती टाकून विझवावी. शेकोटीच्या कडेला तापविलेल्या कोरड्या विटा पोत्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवता येतात. त्या हातात धरवतील इतपतच गरम असाव्यात. नदीतले गोटे मात्र तापवू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. याहून चांगले साधन गरम पाण्याचे आहे. सारख्या वजनाच्या व सारख्या तापलेल्या विटेपेक्षा पाणी सुमारे पाचपट उष्णता धरून ठेवते. घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा रबरी पिशवी गरम पाण्याने भरून, फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवावी. तान्ह्या मुलाच्या अंगाला ती लागू देऊ नये. अंथरुण उबवून मग काढून घ्यावी.

दार लावले तरी आढ्याजवळ एक व तळाशी एक असे दोन झरोके रात्रभर उघडे ठेवावेत. त्यांतून थोडी ऊब जाते, पण ओल त्याहून अधिक जाते. आणि कोरडे अंथरुण गेलेली ऊब भरून काढते.

पावसाळ्यापूर्वी

पनवेलच्या पावसाळ्यात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. कितीही चांगला लेप दिला तरी अशा पावसात कापडी तंबू हे कुटुंबाचे घर होऊ शकत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा पक्क्या घरांचीही छपरे उडाली. वादळाची सूचना मिळताच तंबू उतरवून शाळेसारख्या पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. तंबू वाचविण्यासाठी कोणीही मागे राहू नये.

मे महिन्याच्या उन्हात तंबू धुवावा, दोन दिवस पूर्ण वाळवावा, खुंट्या व दोर वेगळे काढावेत आणि कापड सैल गुंडाळून घराच्या कोरड्या माळ्यावर ठेवावे. उंदरांपासून त्याला जपावे. मध्येच उघडीप मिळाली तर एकदा उलगडून उन्ह द्यावे.

आपल्या शेतात मेंढ्या बसविणाऱ्या शेतकऱ्याला त्या कळपापासून उत्तम खत मिळते. त्या मेंढ्यांमागे आलेले कुटुंब बांधापलीकडे रात्र काढीत असते. त्याला निचऱ्याची उंच जागा, चार भारे कोरडा पेंढा व आंघोळीच्या चुलीवरचे दोन तांबे गरम पाणी देणे कोणत्याही शेतकऱ्याला जड नाही. त्याबरोबरच बंद तंबूत निखारे घेऊन निजू नये, एवढी गोष्ट त्या कुटुंबास समजावून सांगितल्यास ती सर्वांत मोठी मदत ठरेल.